इमारतीला दोनच प्रश्न विचारा

मी 26 वर्षं ड्राफ्ट्समन होते. बाई असूनही हजेरीपटावर ‘ड्राफ्ट्समन’च लिहिलं जायचं, आणि मलाही त्याचं कधी काही वाटलं नाही. जुन्या इमारतीची दुरुस्ती निघाली की आधी जागेवर जायचं, टेप लावून मापं घ्यायची, मग टेबलाशी बसून ती ट्रेसिंग पेपरवर उतरवायची. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी माझा नकाशा पुढ्यात ओढला, पेन्सिलीने छपरावर एक बाण काढला आणि म्हणाले, “पाऊस इथे पडला. आता तो जमिनीपर्यंत कसा येतो ते दाखवा.” मला दाखवता येईना. मग त्यांनी तुळईवर दुसरा बाण काढला. “आणि हिचं ओझं कुणाच्या डोक्यावर?” तेही सांगता येईना.

ते दोन बाण मला नोकरीभर पुरले. निवृत्तीनंतर हेरिटेज वॉकचा नाद लागला, आणि पहिल्या दहा-बारा वॉकमध्ये मात्र मी ते घरीच विसरून जात होते. त्या फेऱ्यांमधून मी काय आणलं? एक राजाची गोष्ट, एक राणीची गोष्ट, दोन भुतांच्या गोष्टी आणि मोबाईलमध्ये चारशे फोटो. इमारत कशी होती असं कुणी विचारलं असतं तर ‘भव्य’च्या पुढे माझी गाडी गेली नसती. नकाशे काढण्यात उमर घालवलेल्या बाईची ही गत! कारण साधं होतं. गाईड बोलायला लागला की मी त्याच्या तोंडाकडे बघायचे. बोलणाऱ्याकडे बघावं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण तो जिच्याबद्दल बोलतोय ती त्याच्या पाठीमागे उभी असते.

तेव्हा पहिली सूचना एवढीच: कान गाईडकडे, डोळे इमारतीकडे. गाईडला वाईट वाटत नाही. चांगल्या गाईडला तर बरंच वाटतं.

वॉक निवडताना

जाहिरातीतलं ‘रोमांचक’, ‘अनोखा’ वगैरे सोडून द्या आणि नाव नोंदवण्याआधी विचारा: किती ठिकाणं आहेत आणि किती वेळ? दोन तासांत पंधरा ठिकाणं असतील तर एकेकाच्या वाट्याला आठ मिनिटं, आणि त्यातच चालणं, रस्ता ओलांडणं आणि मागे राहिलेल्यांची वाट बघणं. मी एकदा बावीस ठिकाणांच्या वॉकला गेले होते. बावीस पाट्या वाचून आले. दोन तासांना पाच-सहा ठिकाणं हे मला पटलेलं प्रमाण आहे. एकाच इमारतीवर दीड तास घालवणारा वॉक मिळाला तर डोळे झाकून जा.

दुसरं विचारायचं ते आत सोडतात का. नुसतं बाहेरून बघायचं असेल तर तेही चांगलं, पण मग दुपारी जाऊ नका. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन भिंतीवर पडलं की उथळ कोरीवकामसुद्धा उठून दिसतं. डोक्यावरच्या उन्हात तीच भिंत सपाट होऊन जाते. त्यातही दर्शनी बाजू पूर्वेला असेल तर सकाळ आणि पश्चिमेला असेल तर संध्याकाळ.

तिसरं, माणसं किती? पंचविसाच्या वर गेली की मागच्यांना ऐकू येत नाही आणि ती आपापसात गप्पा मारायला लागतात. आणि गाईड कोण आहे? यात चांगला-वाईट असं नाही, चष्मा कुणाचा आहे ते कळावं म्हणून विचारायचं. वास्तुविशारद कमानी दाखवेल, इतिहासाचा प्राध्यापक सनावळी सांगेल. त्याच गल्लीत जन्मलेला म्हातारा कुठली खिडकी कधी बंद झाली हे सांगेल. मला विचाराल तर मी म्हाताऱ्याबरोबर जाईन. पण त्याने सांगितलेले सन वहीत पेन्सिलीने लिहीन.

स्वयंसेवक गाईड म्हणजे कच्चा गाईड असं समजू नका. एच. एच. रिचर्डसन या वास्तुविशारदाने बांधलेलं शिकागोतलं ग्लेसनर हाऊस 1966 साली पाडण्याच्या बेतात होतं. ते वाचवायला काही मंडळी एकत्र आली, त्यातून संस्था उभी राहिली, आणि त्या शहरातल्या वास्तुफेऱ्या आजही प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक चालवतात. या छंदाची मुळं बऱ्याच ठिकाणी अशीच पाडापाडीत आहेत. न्यूयॉर्कचं जुनं पेन स्टेशन 1963 पासून पाडायला घेतलं, त्यावरून एवढं काहूर उठलं की 1965 मध्ये शहराने वारसा वास्तूंच्या संरक्षणाचा कायदाच केला.

एरवी बंद असलेली दारं वर्षातून एक-दोन दिवस उघडतात, ते दिवस कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा. फ्रान्सने 1984 मध्ये ऐतिहासिक इमारती लोकांसाठी खुल्या करण्याचा दिवस सुरू केला. 1991 पासून तो युरोपभर झाला आणि आता बहुतेक देशांत सप्टेंबरात असतो. लंडनमध्ये 1992 पासून ‘ओपन हाऊस’ भरतं आणि जगातल्या अनेक शहरांनी ती कल्पना उचलली आहे. 18 एप्रिलला जागतिक वारसा दिन, भारतात 19 ते 25 नोव्हेंबर वारसा सप्ताह. मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या सुमारास ‘जेन्स वॉक’ असतात. जेन जेकब्स या शहर-अभ्यासक बाईंच्या स्मरणार्थ 2007 मध्ये टोरांटोत ते सुरू झाले, आणि त्यात कुणीही नागरिक आपल्या भागाची फेरी काढू शकतो. अशा दिवशी गर्दी असतेच. मी पहिल्या अर्ध्या तासात जाते किंवा शेवटच्या. मधल्या वेळेत नुसत्या रांगा बघायला मिळतात.

अर्धा तास आधी पोचा

हे बहुतेक जण करत नाहीत आणि सगळ्यात जास्त फायदा याचाच आहे. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा, समोरच्या फुटपाथवर उभ्या राहा आणि कुणी काही सांगायच्या आत इमारत बघा. मग तिच्याकडे पाठ करून वहीत आठवणीने तिचं चित्र काढा. चित्र वाईट येऊ द्या. आता वळून पडताळा. तुम्ही पाच कमानी काढल्या असतील आणि असतील सात. मनोरा मधोमध काढला असेल आणि असेल डावीकडे. जे चुकलं ते आता जन्मात विसरणार नाही.

आधी फार वाचून जाऊ नका. नकाशा मिळाला तर तेवढा बघून ठेवा: दार कुठे, जिना कुठे, चौक आहे का. बाकीचं मागाहून.

बरोबर काय घ्यायचं? आठ पटींची छोटी दुर्बीण. पक्षी बघणाऱ्यांची ही वस्तू वास्तू बघणाऱ्यांनी का उचलली नाही हे मला कोडं आहे. उत्तम कोरीवकाम नेहमी तीस-चाळीस फुटांवर असतं आणि मोबाईलने मोठं करून काढलेल्या फोटोत त्याचा चिखल होतो. पेन्सिल घ्या, शाईचं पेन नको; पुष्कळ संग्रहालयांत आणि अभिलेखागारांत शाई चालत नाही. मळलेले, सवयीचे बूट. नवे बूट घालून आलेली माणसं तिसऱ्या ठिकाणापासून फक्त पायऱ्या शोधत असतात, बसायला.

ओझं कुणाच्या डोक्यावर?

आता गाईड आला, बोलायला लागला. तुम्ही मनातला पहिला बाण काढा. छपरापासून सुरुवात करा आणि ओझं खाली येताना बघा.

दगडाला वरून दाबलं तर तो कितीही सोसतो, पण आडवा टाकून मधे भार दिला की तडकतो. म्हणून जिथे दगडी तुळया आहेत तिथे खांब जवळजवळ असतात. देवळाच्या मंडपात खांबांची इतकी दाटी का, याचं निम्मं उत्तर हेच आहे. लांब अंतर ओलांडायचं तर कमान हवी. आणि कमानीची खोड अशी, की ती ओझं खाली तर नेतेच, पण बाजूंनाही ढकलते. कमान दिसली की तिच्या खांद्यांकडे बघा. तिला कुणी धरलंय? शेजारच्या कमानीने, जाड भिंतीने, की बाहेरून टेकवलेल्या धिऱ्याने? गॉथिक चर्चच्या बाहेर त्या अर्ध्या कमानी हवेत तरंगताना दिसतात ना, त्या हा धक्का झेलायला आहेत.

धक्का नीट झेलला नाही तर काय होतं हे इस्तंबूलच्या आया सोफिया या प्राचीन वास्तूने दाखवलं. 537 मध्ये ती पुरी झाली. 558 मध्ये भूकंपांनी खिळखिळा झालेला घुमट कोसळला, आणि 562 पर्यंत जो नवा बांधला तो मुद्दाम जास्त उंच ठेवला. चपट्या घुमटाचा बाहेरचा धक्का जास्त, उभट घुमटाचा कमी. हे माहीत असलं की कुठल्याही घुमटाखाली उभं राहून तुम्ही आधी त्याची उभट-चपटी ठेवण बघाल, नक्षी नंतर.

रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळाचा घुमट सुमारे 43 मीटर व्यासाचा आहे आणि त्यात एकही सळई नाही. बांधणाऱ्यांनी तळाशी जाड आणि जड काँक्रीट वापरलं, वर जाताना ते पातळ करत नेलं आणि माथ्यापाशी प्युमिससारखा हलका ज्वालामुखी दगड मिसळला. विजापूरच्या गोलघुमटात वेगळीच युक्ती आहे. खोली चौकोनी, घुमट गोल. मग चौकोनावर गोल बसवायचा कसा? तिथे वर मान करून प्रतिध्वनीच्या मागे न लागता एकमेकींना छेदणाऱ्या कमानी बघा. त्यांनी चौकोनाचे कोपरे खात खात घुमटाला बैठक दिली आहे. आमच्या गटात सगळे टाळ्या वाजवून आवाज मोजत होते. मीही वाजवली एक, खोटं कशाला बोलू.

कमानीसारखी दिसते ती प्रत्येक कमान नसते. दगडांचे सांधे बघा. सांधे पंख्याच्या काड्यांसारखे एका केंद्राकडे जात असतील आणि माथ्यावर पाचरीसारखा कळीचा दगड असेल तर ती खरी कमान. सांधे आडवेच असतील, एकेक थर थोडा थोडा पुढे सरकवून वर दोन बाजू मिळवल्या असतील, तर आकार कमानीचा आणि काम तुळईच्या घराण्यातलं. दिल्लीच्या कुतुब संकुलात बाराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या, मशिदीपुढच्या पडदाभिंतीच्या कमानी अशा आडव्या थरांच्या आहेत. नकाशा कमानीच्या परंपरेचा, हात तुळईच्या परंपरेचे. हे कुठल्याही पाटीवरच्या मजकुरापेक्षा दगडाचे सांधे स्पष्ट सांगतात.

आणि कधीकधी उत्तर ‘ओझं कुणाच्याच डोक्यावर नाही’ असं येतं, तेव्हा फार मजा येते. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडी फासळ्या आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं ते लाकूड अजून जागेवर आहे. पण ते छप्पर उचलत नाही. छप्पर म्हणजे डोंगर आहे! लाकडी सभागृहं बांधायची सवय असलेल्या डोळ्यांना फासळ्यांशिवाय छत पुरं वाटेना, म्हणून त्या बसवल्या. वेरूळचं कैलास लेणं तर वरून खाली कोरत आणलेलं. आधी शिखर, मग भिंती, शेवटी जोतं. तिथे माझा बाण उलटा काढावा लागतो.

नवीनात नवीन वारशाला, म्हणजे 1930 च्या आगेमागे बांधलेल्या इमारतींनाही हा प्रश्न चालतो. खिडक्या अरुंद आणि एकीवर एक रांगेत असतील तर बहुधा भिंत ओझं घेते आहे. खिडकी कोपऱ्यावरून वळली असेल तर भिंत नुसता पडदा आहे आणि ओझं आत लपलेल्या खांबांवर. भिंतीच्या इमारतीत कोपरा म्हणजे जीव. तिथे कुणी भोक पाडत नाही.

पाऊस जमिनीपर्यंत कसा येतो?

गाईड लोक पाण्याबद्दल क्वचित बोलतात. खरं तर इमारत म्हातारी होते ती मुख्यतः पाण्याने.

छज्ज्यापासून बघा. छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून थोडी आत, बोटभर रुंदीची खाच दिसते का? पाण्याचा थेंब छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीकडे सरकायला बघतो, तो त्या खाचेपाशी तुटून खाली पडतो. एवढीशी खाच भिंत वाचवते. जिथे दुरुस्तीत ती बुजवली असेल तिथे खालच्या भिंतीवर काळे ओघळ हमखास दिसतील. खिडकीच्या उंबऱ्याला बाहेर उतार आहे का? दोन छपरं मिळतात त्या पन्हळीखाली ओल आहे का? भिंतीच्या तळाशी पांढरी पूड, म्हणजे लोणा, किती उंचीपर्यंत चढलाय? ही सगळी उत्तरं फुकट आहेत, नुसती मान वळवायची.

पँथिऑनच्या माथ्याला आठ-नऊ मीटरचं उघडं भोक आहे आणि त्यातून पाऊस सरळ आत येतो. मग पाणी कुठे जातं? फरशी मधे किंचित उंच आणि कडेला उतरती आहे, आणि फरशीतच पाणी जायला छिद्रं आहेत. तिथे जाणारी हजारो माणसं वर बघतात. तुम्ही एकदा खालीही बघा.

देवळात बाहेरून प्रदक्षिणा घालताना गाभाऱ्याच्या भिंतीतून बाहेर आलेली दगडी पन्हळ शोधा, बहुधा उत्तरेला सापडते. अभिषेकाचं पाणी बाहेर काढणारी ही प्रणाल. पुष्कळदा तिला मकराचं तोंड दिलेलं असतं. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलवर जे दगडी प्राणी आहेत त्यांच्यातही अशी कामाची आणि बिनकामाची जात आहे. लांब माना काढून गळा उघडलेले आहेत ते छपराचं पाणी भिंतीपासून दूर फेकतात. वरच्या सज्ज्यावर हनुवटीला हात लावून बसलेली ती प्रसिद्ध भुतं मात्र एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारात वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक यांच्या हाताखाली बसवलेली, आणि त्यांच्या तोंडातून थेंबही पडत नाही.

एक गोष्ट मला बघवत नाही ती इथेच सांगून टाकते. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीचे सांधे सिमेंटने भरणं. चुना ओल घेतो आणि सोडतो. सिमेंट सोडत नाही. मग भिंतीतली ओल बाहेर पडायला विटेचा किंवा दगडाचा चेहरा शोधते आणि तो चेहराच पापुद्र्यांनी सुटायला लागतो. सांधे शाबूत, विटा झिजलेल्या, असं उलटं चित्र दिसलं की समजा कुणीतरी प्रेमाने घात केलाय.

कुठे जोड आहे?

दोन बाणांची सवय झाली की जोड आपोआप दिसायला लागतात. भिंतीत वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा म्हणजे तिथे एके काळी इमारत संपत होती. विटांच्या रचनेत बदल दिसला, म्हणजे एकीकडे एक थर लांब बाजूंचा व एक थर तोंडांचा आणि पलीकडे प्रत्येक थरात लांब बाजू-तोंड-लांब बाजू, तर गवंडी बदलला किंवा काळ बदलला. बुजवलेल्या खिडकीची कमान बहुधा भिंतीत तशीच राहते. स्पेनमधली कोर्दोबाची मशीद आठव्या शतकात सुरू झाली, पुढे पुन्हा पुन्हा वाढवली गेली, आणि सोळाव्या शतकात तिच्या पोटातच कॅथेड्रल उभं राहिलं. तिथे चालताना पायांखाली शतकं बदलतात, पाटी वाचायची गरज पडत नाही.

‘मूळ आहे का?’ हा प्रश्न गाईडला जरूर विचारा, पण एका शब्दाच्या उत्तरावर थांबू नका. जपानमधलं इसेचं देवस्थान दर 20 वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्या लाकडात पुन्हा बांधतात. शेवटचं 2013 मध्ये बांधलं. लाकूड नवं, सांधे बांधायची विद्या जुनी. मग ते मूळ की नक्कल? 2019 च्या आगीत नोत्र दामचा जो टोकदार मनोरा पडला तो मुळात एकोणिसाव्या शतकातला होता, आणि 2024 पर्यंत तो पुन्हा तस्साच उभारला. नेमकं विचारायचं ते असं: यातला कुठला भाग कधीचा?

गोष्टी चाळून घ्या

गोष्टी ऐका, मलाही आवडतात. फक्त तीच गोष्ट दुसऱ्या गावात ऐकली की सावध व्हा. ताजमहाल बांधणाऱ्यांचे हात तोडले, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. मॉस्कोच्या सेंट बेसिल कॅथेड्रलबद्दल (1555 ते 1561) असंच सांगतात की झारने वास्तुविशारदाचे डोळे काढले. दोन्हीला त्या काळचा पुरावा नाही. सुंदर वास्तूला क्रूर राजा जोडल्याशिवाय लोकांचं समाधान होत नाही, एवढं त्यातून कळतं. भुयाराचंही तसंच. माझ्या अनुभवात दर दुसऱ्या वास्तूतून एक भुयार निघतं आणि ते नेहमी ‘आता बंद केलंय’.

सन जुळत नसले तर लगेच गाईडला खोटं पाडू नका. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचं, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं काम 1878 मध्ये सुरू झालं, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी 1887 मध्ये तिचं नाव दिलं आणि बांधकाम 1888 मध्ये पुरं झालं. तिघे तीन सन सांगतील आणि तिघेही बरोबर असतील. सन ऐकला की पुढे ‘कशाचा?’ जोडायचं.

प्रश्न विचारताना मात्र एक पथ्य. आपलं ज्ञान दाखवायला प्रश्न विचारणारा एक गृहस्थ प्रत्येक गटात असतो. एका वॉकमध्ये ती मी होते. चुना आणि सिमेंट यावर मी सात मिनिटं बोलले, आणि त्यात आत जायची वेळ संपली, दार बंद झालं. उरलेल्या अठरा जणांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती अजून लक्षात आहे.

प्रदर्शनाला मागाहून जा

वास्तुकलेचं प्रदर्शन आधी बघून मग इमारत बघावी असा सल्ला देतात. मी उलटं सांगेन. इमारत एकदा पायांनी फिरून आलात की नकाशातली प्रत्येक रेघ ओळखीची वाटते. आधी गेलात तर ते नुसते काळे-पांढरे कागद.

नकाशा वाचायचा तो असा. कुणीतरी मोठ्या सुरीने इमारत कमरेच्या थोडी वर आडवी कापली, वरचा भाग उचलून ठेवला आणि तुम्ही वरून आत बघताय. काळं भरलेलं ते कापलं गेलेलं: भिंती, खांब. काळ्याची जाडी बघा, ओझ्याचा अर्धा हिशेब तिथेच लागतो. तीच सुरी उभी चालवली की छेद मिळतो, आणि माझं सगळं प्रेम छेदावर आहे, कारण दोन्ही बाण छेदातच काढता येतात. कोपऱ्यातलं प्रमाण वाचा: 1:100 म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर प्रत्यक्षात एक मीटर. आणि चित्राखालचा मजकूर नीट बघा. मोजून काढलेला नकाशा, कल्पनेने पुरा केलेला नकाशा आणि कधीच न बांधलेला प्रस्ताव ही तीन वेगळी कागदपत्रं आहेत. भिंतीवर शेजारी शेजारी टांगली की भलते घोळ होतात.

लाकडी किंवा पुठ्ठ्याचं मॉडेल असेल तर उभं राहून वरून बघू नका. तसं फक्त कावळा बघतो. गुडघे साथ देत असतील तर खाली बसा आणि डोळा मॉडेलमधल्या रस्त्याच्या पातळीवर आणा.

प्रतिकृतींना नाकं मुरडू नका. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात 1873 मध्ये उघडलेली दालनं आहेत, तिथे रोमच्या ट्रेजन स्तंभाचा प्लॅस्टरची प्रतिकृती दोन तुकड्यांत उभी आहे, कारण अख्खा स्तंभ छतात मावेना. खऱ्या स्तंभाची नक्षी पुढे शहराच्या धुराने झिजली, प्रतिकृती त्याआधीची. म्हणजे काही बारकावे आता नकलेतच जास्त नीट आहेत. त्याच शहरात वास्तुविशारद जॉन सोन यांचं घर संग्रहालय म्हणून ठेवलंय. त्यांनी बँक ऑफ इंग्लंडच्या इमारतीवर 45 वर्षं काम केलं, आणि 1830 मध्ये चित्रकार जोसेफ गँडी यांनी ती इमारत वरून कापल्यासारखी, जणू भग्नावशेष पडल्यासारखी रंगवली. विसाव्या शतकात तिचा बराचसा भाग खरोखरच पाडून नवं बांधलं. एकाच चित्रात नकाशा, छेद आणि भविष्य. मी त्याची छापील प्रत नोकरीत असताना टेबलाच्या काचेखाली ठेवली होती.

बारीकसारीक

फोटो चार काढा: समोरून पूर्ण, कोपऱ्यावरून, एक बारकावा आणि इमारतीतून बाहेर बघताना. चौथा कुणी काढत नाही. तोच सांगतो की बांधणाऱ्याने खिडकी तिथे का ठेवली. रंगवलेल्या भिंतींवर फ्लॅश नको. कोरीवकामाला हात लावू नका, घामाने दगड काळा पडतो. लोक राहत असलेल्या घरात दारातून पुढचं बघण्याआधी विचारा. त्यांचं ते घर आहे, आपल्यासाठी वारसा. चालायला त्रास असेल तर ‘पायऱ्या किती?’ हे आधीच विचारून ठेवा, आयोजक स्वतःहून सांगत नाहीत. मुलं बरोबर असतील तर त्यांना सन सांगू नका, प्राणी मोजायला लावा.

आणि तिसऱ्यांदा जा, एकट्या, शक्यतो भर पावसात.

मागे एका वॉकमध्ये गाईडने छपराखालच्या नऊ दगडी तोंडांकडे बोट दाखवून ‘ही शोभेची आहेत’ असं सांगितलं होतं. मी मनात म्हटलं, शोभेची कशाला असतील, पन्हळी आहेत त्या. वाद घातला नाही. सात मिनिटांचा प्रकार ताजा होता. जुलैत एक दिवस छत्री घेऊन तिथे जाऊन उभी राहिले. पाऊण तास उभी होते, रखवालदाराने दोनदा येऊन काही हरवलंय का म्हणून विचारलं. नवांपैकी दोन तोंडांतून पाणी धो धो पडत होतं. एकातून बारीक धार, तिरकी, भिंतीवरून. उरलेली सहा कोरडी. मी त्या सहांखालची भिंत दुर्बिणीने बघितली. चार ठिकाणी जुने काळे ओघळ होते. म्हणजे एके काळी ती वाहत होती आणि कुणीतरी वरून बुजवली. राहिलेल्या दोन तोंडांखाली भिंत स्वच्छ. ती बहुधा पहिल्यापासूनच शोभेची.

वहीत नऊ तोंडं काढली, दोघांपुढे बाण, एकापुढे अर्धा बाण, चौघांपुढे प्रश्नचिन्ह. पान भिजलं होतं. पेन्सिल होती म्हणून वाचलं.